तुझी सकाळ आणि तुझी पगारपत्रिका

ताई,

मी २६ वर्षांची. आठवीपर्यंत नाशिकला शिकले, मग आईबाबांबरोबर कॅनडाला, टोरंटोच्या बाजूला, गेले, आता तिथलीच नागरिक आहे. गेल्या सप्टेंबरपासून दक्षिण कोरियात, देजॉन शहरात, एका हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवते. हागवॉन म्हणजे शाळा सुटल्यावरचे खासगी क्लास. दुपारी एकला जायचं, रात्री दहाला सुटायचं, मध्ये दोन घास खायलाही वेळ नाही. वेळापत्रक त्याच दिवशी सकाळी बदलतं. पगारातून ३.३ टक्के कापतात, आणि मार्चपासून आरोग्य विम्याचं दीड लाख वॉनच्या आसपासचं बिल वेगळं घरी येतं. बाहेरच्या जाहिरातीवर दोन गोऱ्या शिक्षकांचे फोटो आहेत, माझा नाही. पहिलीतल्या एका मुलाने माझा हात घासून पाहिला, रंग निघतो का म्हणून. मी मांस खात नाही, त्यामुळे जेवणाचे हाल. ऑक्टोबरात छुसॉकची, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाची, मोठी सुट्टी होती, नेमकी कोजागरी. सगळे आपापल्या गावी गेले आणि मी खोलीत एकटी रडत होते. रात्री आईशी बोलते तेवढाच विरंगुळा, मग पहाटे झोप लागते आणि अकराला उठते. शनिवार-रविवार अंथरुणातच जातात. परवा १५ मेला इथला शिक्षक दिन झाला. एका मुलीने कागदाचं कार्नेशन करून दिलं, तर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझा एक सहकारी मार्चचा पगार हातात पडल्यावर रातोरात विमानात बसून निघून गेला. तो म्हणतो, तूही तेच कर. आई म्हणते परत ये, बाबा म्हणतात वर्ष पूर्ण कर. काय करू?

— देजॉनची एक शिक्षिका

प्रिय मुली,

रातोरात निघून जाऊ नकोस. आधी एवढं सांगते, मग बाकीचं.

पळून गेलेल्या सहकाऱ्याला सुटल्यासारखं वाटत असेल, आणि त्याच्यावर काय गुदरलं ते मला ठाऊक नाही, म्हणून त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तुझा हिशेब वेगळा आहे. तुझे चार महिने उरलेत. कोरियाच्या कायद्याप्रमाणे एका जागी सलग वर्षभर काम केलं की सुटताना साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम वेगळी मिळते, आणि नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत ती द्यावी लागते. वर्षाला एक आठवडा कमी पडला तरी ती बुडते. शिवाय तुझा ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकाचा व्हिसा, त्या हागवॉनशी बांधलेला आहे. मध्येच दुसरीकडे जायचं तर जुन्या मालकाचं संमतीपत्र लागतं. करार पूर्ण झाल्यावर त्याची गरज पडत नाही. न सांगता गेलीस तर पुन्हा कोरियात यायची इच्छा झाल्यावर तेच आडवं येऊ शकतं. आज तुला वाटेल, कोण येतंय परत. कागदाचं फूल हातात घेऊन रडणाऱ्या मुलीच्या बाबतीत मला तशी खात्री वाटत नाही.

आता त्या ३.३ टक्क्यांबद्दल. तुझ्या पत्रातली ही ओळ वाचून मी थांबलेच. तुला ती साधी कापाकापी वाटते आहे. खरं म्हणजे ३.३ टक्के कापले जातात ते स्वतंत्र व्यावसायिकाच्या मोबदल्यातून. म्हणजे कागदोपत्री तू त्या हागवॉनची नोकर नाहीस, बाहेरून येऊन कामाचे पैसे घेऊन जाणारी आहेस. असं दाखवलं की मालकाला तुझ्या राष्ट्रीय पेन्शनचा अर्धा वाटा भरावा लागत नाही, आरोग्य विम्याचा अर्धा वाटा भरावा लागत नाही, आणि वर्षाअखेरची ती रक्कमही द्यायची नाही असं म्हणायला जागा राहते. मार्चपासून घरी येणारं बिल हे त्याचंच पिल्लू. नोकरीतून विमा नसलेल्या परदेशी माणसाला सहा महिन्यांनंतर आपोआप स्थानिक विमाधारक धरलं जातं आणि सगळा हप्ता त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. सप्टेंबर ते मार्च, मोजून बघ.

पण कागदावर काय लिहिलंय, यावर कोरियाचं कामगार खातं थांबत नाही. प्रत्यक्षात काम कसं चालतं ते बघितलं जातं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, मालक सांगेल ते पुस्तक, मालक सांगेल ते वेळापत्रक, दर महिन्याला ठरलेला पगार, असं असेल तर तू कामगारच. म्हणून या आठवड्यात तीन कामं कर. नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्येक पगाराबरोबर पगारपत्रिका देणं मालकाला बंधनकारक आहे. सगळ्या महिन्यांच्या मागून घे. काकाओटॉकवर (तिथलं व्हॉट्सअ‍ॅपच ते) ऐनवेळी आलेले वेळापत्रकाचे निरोप, भिंतीवरच्या तक्त्याचे फोटो, बँकेतल्या पगाराच्या नोंदी हे सगळं हागवॉनच्या कंप्युटरवर नको, तुझ्या स्वतःच्या मेलमध्ये साठव. मग १३५० ला फोन लाव, ते कामगार खात्याचं मदत केंद्र. पेन्शनमध्ये तुझं नाव आहे की नाही ते १३५५ वर कळेल, आणि व्हिसाचं काही विचारायचं असेल तर १३४५, तिथे इंग्रजीत बोलतात.

पेन्शनची एक बाजू मात्र आधीच समजून घे. मागचं नाव नोंदवायचं झालं तर तुझा अर्धा वाटा तुलाही भरावा लागेल, आणि एकदम भरताना तो जड वाटेल. पण कॅनडाच्या नागरिकाला देश कायमचा सोडताना ती रक्कम मालकाच्या वाट्यासकट परत मागता येते. सगळ्या देशांच्या नागरिकांना ही सोय नाही. तुला आहे, तर ती सोडू नकोस.

तक्रार आजच करायची का, याचा मात्र नीट विचार कर. वर्ष भरायच्या तोंडावर, दहाव्या-अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढून टाकणारे हागवॉनवाले आहेत, हे कोरियात शिकवणाऱ्या कुणालाही विचार. काढायचं तर ३० दिवस आधी सांगावं लागतं, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा लागतो. पण विनाकारण काढलं म्हणून दाद मागायची सोय पाच किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच आहे. तुमच्याकडे कोरियन शिक्षक धरून किती जण आहेत ते मोज. थकलेल्या पैशांवरचा हक्क तीन वर्षं टिकतो. त्यामुळे आधी माहिती आणि पुरावे जमव, मग मालकाला शांतपणे लेखी विचार, आणि उत्तर बघून पुढचं पाऊल टाक. चार महिने पगार तारखेला येत असेल तर औपचारिक तक्रार शेवटच्या दिवसानंतर, पण देश सोडायच्या आधी केलेली बरी, असं माझं मत आहे. आणि पगार एकदा जरी थकला, कुणी अंगाला हात लावला, पासपोर्ट मागून ठेवून घेतला, तर मग चार महिन्यांचा विचार करायचा नाही. तेव्हा १३५० किंवा पोलिसांचा ११२ लावायचा, आणि निघायचं तर उजेडी, लेखी राजीनामा देऊन.

जेवणाच्या सुट्टीचं उद्याच बोल. आठ तासांच्या कामाला एक तास विश्रांती कायद्याने मिळते, आणि हा नियम लहान जागांनाही लागू आहे. बोलताना सगळ्यांसमोर बोलू नकोस. वॉनजांगनिमना (हागवॉनच्या प्रमुखांना तिथे असंच म्हणतात) चारचौघांत अडवलं की त्यांचं उत्तर ‘नाही’च येणार. एखाद्या कोरियन सहशिक्षिकेकडून दोन ओळी नीट आदराच्या भाषेत लिहून घे: मुलांना चांगलं शिकवायचं आहे, पण पाच ते सहाच्या दरम्यान जेवायला वेळ मिळत नाही, एक तास मोकळा ठेवता येईल का, आणि वेळापत्रकातला बदल आदल्या संध्याकाळी कळवता येईल का. एका वेळी एवढंच. ३.३ टक्क्यांचा विषय त्यात घुसडू नकोस.

त्या प्रमुख बाईंवर किंवा बुवांवर मुलांच्या आयांचा किती धाक असतो, तेही तू बघत असशील. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सुनुंग, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजीच्या ऐकण्याच्या प्रश्नांची वेळ झाली की देशभर विमानांची ये-जा अर्धा तास थांबवतात. ज्या देशात इंग्रजीच्या पेपरासाठी आकाश मोकळं करतात, तिथली आई एक क्लास बुडाला तर फोन करणारच. याने तुझ्या प्रमुखांचं वागणं योग्य ठरत नाही. पण रात्री नऊच्या वर्गात डोळे मिटणारं पोर शाळा, गणिताचा हागवॉन आणि मग तुझा वर्ग असं करत आलेलं असतं, हे लक्षात ठेवलंस तर त्या वर्गाचा राग येणार नाही. शेवटची पाच मिनिटं पुस्तक मिटून त्यांना नुसतं बोलू दे.

हात घासणाऱ्या मुलाबद्दल. तो सहा-सात वर्षांचा आहे, त्याने कदाचित टीव्हीबाहेर सावळा माणूस पहिल्यांदाच पाहिला असेल. त्याला सरळ सांग की रंग निघत नाही, माझ्या आईचाही असाच आहे, आणि आता तू माझ्या नावाचं स्पेलिंग लिही. कोरियात खडूच्या पेटीतल्या फिकट पिवळसर गुलाबी रंगाला पूर्वी ‘कातडीचा रंग’ म्हणत. परदेशी कामगारांनी त्याविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली आणि २००२ मध्ये आयोगाने ते नाव बदलायला सांगितलं. नवीन सरकारी नाव फार अवघड झालं, तेव्हा चक्क शाळकरी मुलांनी अर्ज केला, आणि २००५ पासून तो रंग जर्दाळूचा रंग झाला. मुलं शिकतात, त्यांना शिकवणारं माणूस समोर लागतं. ते माणूस आज तू आहेस, आणि वर्गात तुझा रंग दिसतो ही त्या मुलांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे.

जाहिरातीतल्या फोटोचं तसं नाही. तो मोठ्या माणसांचा निर्णय आहे आणि तो अपमान आहे. तुला लागलं ते बरोबरच लागलं. तिथे गोरा चेहरा दाखवून विद्यार्थी गोळा करणं चालतं, नोकरीच्या अर्जालाच फोटो मागतात. चार महिन्यांत तू ते बदलशील असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी झुरावंस असं तर मुळीच वाटत नाही. तो पोस्टर बघून स्वतःची किंमत करू नकोस, एवढं मात्र हक्काने सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू लिहितेस की रात्री दहाला सुटते, आईशी बोलते, पहाटे झोपते, अकराला उठते. म्हणजे तुझ्या हातात असलेला जागेपणाचा सगळा वेळ ब्रॅम्प्टन किंवा टोरंटोच्या घड्याळावर चालतो, आणि उरलेला हागवॉनच्या. देजॉन तू बघितलंच नाहीस. तुझा दिवस एकला सुरू होतो. सकाळी सातपासून साडेबारापर्यंतचं शहर तुझं आहे, आणि ऑफिसात जाणाऱ्या कुणालाही न मिळणारी ही चैन तू झोपेत घालवते आहेस.

फोनची वेळ बदल. उन्हाळ्यात तुझे सकाळचे नऊ म्हणजे आईचे आदल्या रात्रीचे आठ. तिचं जेवण आटोपलेलं असेल. अर्धा तास बोल आणि मग बाहेर पड. रात्री सुटल्यावर फोन नको, ऊन पाणी, अंघोळ आणि झोप.

सकाळी कुठे जायचं? तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असेल त्या दिवशी देजॉनच्याच युसॉंग भागात पाच दिवसांनी भरणारा बाजार असतो. आपला आठवडी बाजारच बघ. जमिनीवर भाज्यांचे वाटे मांडून बसलेल्या आज्या, पालेभाज्यांच्या जुड्या, लसूण, सुकी मिरची. तिथे हिरवे मूग मिळतात, ‘नोकदु’ म्हणून माग. ओल्या फडक्यात बांधून मोड आण, नाशिकच्या मुलीला उसळ शिकवायला नको. चॉंगयांग नावाची बारीक हिरवी मिरची घे, ती चांगली झणझणीत असते. तयार मोड तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. तूरडाळ, हिंग, मोहरी ऑनलाइन मागव.

बाहेर खाताना बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, मांस वगळून मिळतो, किंबापमधलं (भाताच्या गुंडाळीतलं) हॅमही काढून देतात. पण रस्सा दिसला की विचार, कारण बहुतेक रश्शांचा आधार सुकी मासळी असते आणि किमचीतही बहुधा मासळीचा किंवा कोळंबीचा खार असतो. मांसच नको पण एवढं चालतं, की हेही नको, ते तुझं तू ठरव आणि मग त्यावर रोज जिवाला त्रास करून घेऊ नकोस. ऑफिसच्या जेवणावळीआधी एका सहकाऱ्याला सांगून ठेव की मी मांस खात नाही. ऐन टेबलावर, समोर डुकराचं मांस भाजत असताना सांगितलं की सगळ्यांचीच पंचाईत होते, आधी कळलं तर ते आपणहून तुझ्यासाठी वेगळं मागवतात.

आणि एखाद्या रविवारी ग्येर्योंगसान डोंगरावर जा. देजॉनहून शहराच्या बसने पायथ्याशी पोचता येतं. तिथे दोंगहाक्सा आहे, बौद्ध भिक्षुणींचं मंदिर आणि त्यांची पाठशाळाही. कोरियातल्या मंदिरांच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. वाटेवर डोंगर चढणाऱ्या साठीच्या बायका भेटतील, एकसारखे झगझगीत कपडे घालून. थांबून धापा टाकत असलीस की त्या पिशवीतून काकडी काढून तुझ्या हातात देतील. नाही म्हणायचं नाही, दोन्ही हातांनी घ्यायची.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: कोरियन भाषेच्या वर्गाला नाव घाल. न्याय मंत्रालयाचा परदेशी लोकांसाठी भाषेचा आणि समाजजीवनाचा अभ्यासक्रम आहे, पायरीपायरीचा, शनिवार-रविवारचेही वर्ग असतात. शहरातल्या परदेशी रहिवाशांच्या केंद्रात सकाळचे वर्गही मिळतील. भाषा तर येईलच, पण माझा मुद्दा दुसरा आहे. तू गेले आठ महिने रोज दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करते आहेस. ज्या खोलीत तू चुकशील, शेजारची व्हिएतनामी किंवा उझबेक बाई तुला खाणाखुणांनी उत्तर दाखवेल आणि दोघी हसाल, अशी एक खोली तुला हवी आहे. कायस्ट विद्यापीठात भारतीय संशोधक विद्यार्थी पुष्कळ आहेत, त्यांचीही ओळख काढ, सणावाराला जा. पण फक्त तिथेच जाऊ नकोस.

छुसॉकचं पत्रात वाचून वाईट वाटलं. २०२५ ची सुट्टी लांबलचक होती आणि दुकानंही बंद. तिथे त्या दिवशी घरोघरी पूर्वजांना अन्न वाढतात, म्हणून सगळे गावी जातात, आणि परक्या माणसाला आपण कुणाचेच नाही असं वाटतं. यंदा राहिलीस तर रेल्वेची तिकिटं विक्रीला निघतात त्याच दिवशी काढायची, किंवा कुणी घरी बोलावलं तर फळांची पेटी घेऊन जायचं.

आणि हे सगळं करायला अंथरुणातून उठवतच नसेल, सकाळी जाग आल्यावर रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरकडे जा. ते विम्याचं बिल तू भरते आहेस, मनाच्या डॉक्टरचा खर्च त्यात बऱ्यापैकी बसतो. टोकाचे विचार आले तर १०९ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. तसं असेल तर वर्ष पूर्ण होतं की नाही याला काही अर्थ नाही. लेखी राजीनामा दे आणि घरी जा. बाबांना पटत नसेल तर हे पत्र दाखव.

तसं नसेल तर जून अखेरपर्यंत सकाळी उठून बघ. आणि करार वाढवायचा नाही एवढं आत्ताच ठरवून टाक. हा हागवॉन दुसऱ्या वर्षाच्या लायकीचा नाही. कोरिया आवडायला लागलं तर सरकारी शाळांचा विचार कर, पण आठवीपर्यंत तू नाशिकला शिकलीस, तेव्हा त्यांच्या अटींत बसतेस का ते आधी विचारून घे. तिथली भरती फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशी दोनदा असते, आठवड्याला २२ तास शिकवायचं, दिवसाच काम, आणि बरोबर कोरियन शिक्षक.

बाकीच्या वाचकांचीही विचारणा येईल म्हणून दोन ओळी. हा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत आणि कोरियातला व्यापार करार २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून यायची वाट आहे, पण पदवी आणि शिक्षकाचा परवाना लागतो. भारतीय पासपोर्टवर या व्हिसाने हागवॉनमध्ये शिकवता येत नाही, कुणी एजंट तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि या व्हिसावर चोरून खासगी शिकवण्या घेणं बेकायदा आहे, हे तुझ्यासाठीही, मुली. पैशाची ओढाताण असली तरी त्या वाटेला जाऊ नकोस, कारण मग १३५० ला फोन करताना तुझाच आवाज दबेल.

फोन केल्यावर ते काय म्हणाले, मला कळव. पगारपत्रिका दिल्या नाहीत तर तेही कळव, पुढे काय करायचं ते बघू.

— तुझी ताई